अर्धवट राहू नये म्हणून
(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू नक्की करतेस काय?" आपल्यातल्या डॉक्टरांना असा प्रश्न कोणी विचारत नाही. शेती करणाऱ्यांना तर नाहीच. मी "सॉफ्टवेअरमध्ये आहे" म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि मग हळूच म्हणतो, "माझा फोन फार गरम होतो, जरा बघतेस का?" आपल्या गणिताच्या बाईंनीही नाश्त्याच्या वेळी हाच प्रश्न विचारला, म्हणून म्हटलं आता नीटच उत्तर द्यावं. संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत. त्यात माझ्याबद्दल दोनच मिनिटं बोलते, आणि बाकीची ज्यांच्या कामावर माझं पोट चालतं त्या माणसाला देते.

मी पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तुम्ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवता, तेव्हा मध्ये जी यंत्रं एकमेकांशी बोलतात, त्यांचं बोलणं नीट व्हावं हे माझं काम. झालं, माझी दोन मिनिटं संपली.

त्या माणसाचं नाव जिम ग्रे. जन्म १९४४, सॅन फ्रान्सिस्को. आई शिक्षिका होती. १९६९ मध्ये त्यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएचडी केली, आणि त्या विद्यापीठाने संगणकशास्त्रात दिलेली ती पहिलीच पीएचडी. पुढे सत्तरच्या दशकात ते आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत होते. तिथे 'सिस्टिम आर' नावाचा प्रकल्प चालू होता. आज जगभर ज्या भाषेत डेटाबेसला प्रश्न विचारतात ती एसक्यूएल तिथेच जन्मली. ग्रे यांच्या वाट्याला मात्र एक वेगळाच प्रश्न आला होता, आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही.

प्रश्न साधा आहे. माझ्या खात्यातून पाचशे रुपये वजा करायचे आणि तुमच्या खात्यात जमा करायचे. वजा झाले, आणि तेवढ्यात वीज गेली. आता? (वीज गेली की काय होतं हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगायला नको. आपली अर्धी दहावी कंदिलातच झाली.) वीज आल्यावर मशीन चालू होतं, पण ते पाचशे रुपये ना माझ्याकडे, ना तुमच्याकडे. ग्रे यांचं म्हणणं असं की अशा सगळ्या पायऱ्यांची मिळून एक मोट बांधायची. एक तर ती पूर्ण होईल, नाहीतर झालीच नव्हती असं होईल. मधलं काही नाही. याला ते 'ट्रान्झॅक्शन' म्हणत. शब्द जुनाच होता, पण त्याला गणिती नेमकेपणा ज्यांनी दिला त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे आमच्या क्षेत्रातलं नोबेलच म्हणा, त्यांना मुख्यतः याच कामासाठी मिळाला.

हे जमवायचं कसं, ते आपल्यातल्या दुकानदारांच्या मुलांना लगेच कळेल. व्यापारी आधी कीर्द लिहितो आणि मग खतावणी करतो. खतावणी करताना दिवा गेला, शाई सांडली, मुनीम आजारी पडला, तरी कीर्दीवरून सगळं पुन्हा उभं करता येतं. आमची यंत्रंही अगदी हेच करतात. कुठलाही आकडा बदलण्याआधी 'मी हे करणार आहे' अशी नोंद डिस्कवर पक्की लिहायची, आणि मगच हात लावायचा. वीज आली की यंत्र पहिल्यांदा कीर्द वाचतं. जे पूर्ण झालं होतं ते पुन्हा करतं, जे अर्धवट होतं ते पुसून टाकतं. ग्रे आणि आंद्रेयास रॉयटर यांनी या विषयावर हजारावर पानांचा एक ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवात ते सुमेरियन लोकांच्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या नोंदींपासून करतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो मी ऑफिसच्या ग्रंथालयात पाहिला आणि उचलताना दोन्ही हात लावले. पण वाचायला लागल्यावर जाणवलं की हा माणूस वर्गात उभा राहून शिकवतोय. अवघड ते सोपं करून सांगण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आता खरी गंमत. माझं खातं कोल्हापूरच्या यंत्रात आणि तुमचं नागपूरच्या, तर काय? वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न दिसणाऱ्या यंत्रांना मिळून एकच निर्णय घ्यायचा आहे. हेच ते 'डिस्ट्रिब्युटेड कंप्युटिंग'. आजचा कार्यक्रम आपल्या संयोजकांनी कसा ठरवला ते आठवा. त्यांनी हॉलवाल्याला, आचाऱ्याला, बसवाल्याला आणि आपल्याला विचारलं, "या तारखेला तयार आहात का?" सगळ्यांनी "तयार" म्हटल्यावर दुसरा निरोप आला, "ठरलं." एकानेही नकार दिला असता, तर सगळ्यांनाच "रद्द" कळवायचं. विचारणं एकदा, कळवणं एकदा, असे दोन टप्पे. ग्रे यासाठी चर्चमधल्या लग्नाचा दाखला देत. पाद्री दोघांना वेगवेगळं विचारतो, दोघं हो म्हणतात, आणि मगच तो त्यांना पतिपत्नी जाहीर करतो.

पण समजा, तुम्ही "तयार" म्हणालात, रजा टाकलीत, गाडीचं बुकिंग केलंत, आणि दुसरा निरोप यायच्या आत संयोजकांचा फोन बंद झाला. आता तुम्हाला निघता येत नाही, कारण कार्यक्रम रद्द झाला असेल. रजा मागे घेता येत नाही, कारण तो ठरला असेल. शब्द देऊन बसलेला माणूस अडकून पडतो. यंत्राचंही तेच होतं. त्या रकमेवर कुलूप घालून ते नुसतं वाट बघत राहतं. या अवस्थेला आम्ही 'इन डाउट' म्हणतो. मराठीत याला 'अधांतरी' इतका चपखल शब्द दुसरा नाही. हा शब्द लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

याच्याही मुळाशी एक कोडं आहे, त्याला 'दोन सेनापती' हे नाव ग्रे यांनी १९७८ मध्ये दिलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मध्ये शत्रूची दरी. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. पहिला निरोप्या धाडतो, "उद्या पहाटे". निरोप्या पोचला का, हे कळायला उलट निरोप हवा. तो उलट निरोप पोचला का, हे कळायला आणखी एक. कितीही निरोपे धाडा, शेवटच्याबद्दलची शंका उरतेच. ही अडचण हुशारी कमी पडल्याची नाही. निरोप हरवू शकत असतील तर पूर्ण खात्री मिळणं अशक्यच आहे, हे सिद्ध करता येतं.

तुमच्या फोनवर पैसे पाठवताना कधीकधी 'पेंडिंग' असं दिसतं ना, ते या कोड्याचंच घरगुती रूप. तुमच्या बँकेला उत्तर आलं नाही. आता निरोप जाताना हरवला, की काम होऊन येताना हरवला, हे तिला कळायला मार्ग नाही. म्हणून ती तोच व्यवहार क्रमांक सांगून पुन्हा विचारते, "या क्रमांकाचं काय झालं?" क्रमांक तोच असल्यामुळे दोनदा विचारलं तरी पैसे दोनदा जात नाहीत. तुम्ही मात्र घाबरून पुन्हा पैसे पाठवलेत, तर तो नवा क्रमांक होतो आणि पैसे खरोखरच दोनदा जातात. तेव्हा थांबा. खात्यातून वजा झाले आणि समोरच्या माणसाच्या खात्यात पोचलेच नाहीत, तर यूपीआयमध्ये ते पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, नाहीतर बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. एवढं ऐकूनही आजच्या भाषणाचं तिकीट वसूल झालं असं समजा.

आयबीएमनंतर ग्रे टँडम या कंपनीत गेले. टँडमची यंत्रं बंद पडू नयेत म्हणून जोडीने बांधलेली असत. बँका आणि शेअर बाजार त्यांचे गिऱ्हाईक. तिथे १९८५ मध्ये त्यांनी एक अहवाल लिहिला, 'संगणक का थांबतात' अशा अर्थाचा. गिऱ्हाइकांकडून आलेल्या बिघाडांच्या नोंदी घेतल्या आणि मोजल्या. यंत्राचे भाग बिघडल्यामुळे १८ टक्के बिघाड. सॉफ्टवेअरमुळे २५. आणि चालवणाऱ्या, जुळणी करणाऱ्या, देखभाल करणाऱ्या माणसांच्या हातून ४२. हा अहवाल मला फार आवडतो, कारण त्यात कोणाला दोष द्यायची घाई नाही. माणसाच्या हातून चूक होतेच, मग माणसाला करावं लागणारं कामच कमी करा, असा त्याचा रोख आहे. त्याच अहवालात त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या दोन जाती सांगितल्या. एक जात नेहमी त्याच जागी सापडते. दुसरी शोधायला गेलं की गायब होते, आणि यंत्र पुन्हा चालू केलं की सगळं सुरळीत. तेव्हा "बंद करून परत चालू करा" असं आम्ही म्हणतो, त्याला हसू नका. त्यामागे शास्त्र आहे.

१९९५ पासून ते मायक्रोसॉफ्टमध्ये होते, आणि तिथे त्यांनी काय केलं, तर खगोलशास्त्रज्ञांशी मैत्री. न्यू मेक्सिकोमधल्या एका दुर्बिणीने आकाशाचा मोठा नकाशा करायला घेतला होता, स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे. माहितीचा डोंगर जमत होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे ॲलेक्स सालाय आणि ग्रे यांनी तो सगळा डेटाबेसमध्ये घातला आणि २००१ मध्ये जगाला खुला केला. ग्रे यांची पद्धत बघा. आधी ते शास्त्रज्ञांना म्हणत, तुम्हाला या माहितीला विचारायचे असलेले वीस प्रश्न लिहून द्या. शंभर नाही, वीस. त्या वीस प्रश्नांची उत्तरं झटकन मिळतील अशी रचना करायची, मग बाकीच्यांची आपोआप मिळतात. मी आजही नवं काम घेताना गिऱ्हाइकाकडून वीस प्रश्न लिहून घेते. तेरा-चौदाच्या पुढे बहुतेकांची गाडी अडते, आणि आपल्याला नक्की काय हवंय ते त्यांचं त्यांनाच तिथे कळतं. ग्रे गमतीने म्हणत की खगोलशास्त्रज्ञांबरोबर काम करायला बरं, कारण त्यांच्या माहितीला बाजारात काडीचीही किंमत नाही! चोरायला कोणी येणार नाही आणि लपवायचं काही नाही. त्याच सुमारास आपल्या पुण्यातही आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स मिळून अशाच आकाशाच्या माहितीवर काम करत होते.

या मोठ्या माणसाचं हत्यार काय होतं म्हणाल, तर पुठ्ठ्याचं खोकं. इंटरनेटवरून एवढी माहिती पाठवायला फार वेळ आणि फार पैसा लागे. म्हणून ते स्वस्त डिस्का भरलेला अख्खा संगणकच खोक्यात घालून कुरिअरने पाठवत. त्याचा हिशोब करून २००२ मध्ये त्यांनी चक्क शोधनिबंध लिहिला.

कामाबाहेर त्यांना आवड होती ती शिडाच्या बोटीची. सुमारे चाळीस फुटांची बोट, नाव 'टेनेशस', म्हणजे चिवट. २८ जानेवारी २००७, रविवार. काही महिन्यांपूर्वी आई वारली होती. तिची रक्षा समुद्रात सोडायला ते एकटेच, सॅन फ्रान्सिस्कोहून चाळीसेक किलोमीटरवरच्या फॅरलॉन बेटांकडे निघाले. हवा स्वच्छ होती. संध्याकाळी परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी डोना कार्न्स यांनी तटरक्षक दलाला कळवलं. चार दिवस विमानं, हेलिकॉप्टर आणि बोटी शोधत राहिल्या. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून मोठा समुद्र पालथा घातला. एक फळी सापडली नाही, तेलाचा तवंग नाही, संकटाचा एकही संदेश नाही.

मग त्यांच्या मित्रांनी शोध हातात घेतला. एरवी एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांतली माणसं एकत्र आली. उपग्रहांनी त्या समुद्राचे फोटो काढले, नासाचं विमान उडालं. फोटो इतके की कोणा एका माणसाला बघून संपणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांचे लहान लहान चौकोन करून ॲमेझॉनच्या एका सेवेवर ठेवले, आणि जगभरातल्या माणसांना सांगितलं, ज्याला जमतील तेवढे बघा. सुमारे बारा हजार लोकांनी ते बघितले.

त्यांतली एक मी. फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार. पुण्यात आम्ही तिघी मैत्रिणी एका फ्लॅटमध्ये राहत होतो आणि नेट इतकं हळू की एकेक चौकोन उलगडायला चहा व्हायचा. सगळे चौकोन सारखेच. राखाडी पाणी, त्यावर पांढरे ओरखडे. बोट असलीच तर मोजक्या ठिपक्यांएवढी दिसेल, असं सांगितलं होतं. एखादा पांढरा ठिपका लांबट दिसला की पोटात गोळा यायचा. मग कळायचं की ती लाट आहे. पहाटे तीनपर्यंत बसले. ज्या माणसाला मी कधी भेटले नव्हते, त्याच्यासाठी असं का जागले, हे मैत्रिणींनी विचारलं. तेव्हा मला सांगता आलं नाही. आज इतकंच सांगते, की त्यांच्या पुस्तकाने मला माझ्या कामाचा अर्थ सांगितला होता.

१६ फेब्रुवारीला मित्रांनी तो शोध थांबवला. पुढे समुद्राच्या तळाशीही शोधलं, ३१ मेपर्यंत. काही नाही. बरोबर वर्षाने, ३१ मे २००८ ला बर्कलीत त्यांच्यासाठी मोठी सभा झाली. ती गौरवसभा होती, तिला शोकसभा म्हटलं नाही. कारण गेले असं म्हणायला पुरावा नव्हता. पॉलीन बॉस नावाच्या अभ्यासक आहेत. ज्यांचं माणूस हरवतं आणि गेलं की आहे हेच कळत नाही, अशा कुटुंबांबरोबर त्यांनी जन्मभर काम केलं. त्याही तिथे बोलल्या. अखेर २०१२ मध्ये, पाच वर्षं झाल्यावर, न्यायालयाने ते मृत असल्याचं मानलं. आपल्याकडे कायद्यात हा काळ सात वर्षांचा आहे.

मघाशी 'अधांतरी' हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं होतं. आमच्या क्षेत्रात अधांतरी व्यवहार फार वेळ अडकून राहिला, तर शेवटी कोणीतरी माणूस येऊन बळेच निर्णय करतो, झालं किंवा नाही झालं. त्याशिवाय बाकीची कामं पुढे सरकत नाहीत. पण त्या निर्णयाला आम्ही खरा निर्णय म्हणत नाही. त्यासाठी वेगळा शब्द ठेवलाय, आणि तो नोंदवहीत वेगळा लिहावाच लागतो, म्हणजे पुढे कधी खरं उत्तर आलं तर ताळा करता येतो. न्यायालयाचा निकाल मला तसा वाटतो. घराची, बँकेची, विम्याची कुलपं त्याने उघडतात, आणि ती उघडायलाच हवीत. समुद्रात काय झालं हे मात्र तो सांगत नाही. अर्धवट काही राहू नये म्हणून जो माणूस आयुष्यभर झटला, त्याच्याच बाबतीत हे व्हावं, याला काय म्हणायचं ते मला आजही सुचत नाही.

आता जरा आपल्या घरातलं. या स्मरणिकेसाठी तुकडीची यादी करताना आपण चौसष्टपैकी साठ जण शोधले. तिघे आपल्यातून गेलेत, त्यांचे फोटो तुम्ही आत पाहालच. राहिली एकजण. हजेरीत सतरावी, खिडकीजवळ बसायची, वडील पाटबंधारे खात्यात होते. नववीच्या दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. संपादक मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की ती वारली असं ऐकलंय, तिचं नाव दिवंगतांत टाका. कोणाकडून ऐकलं, ते सांगता आलं नाही. रकाने दोनच होते, 'पत्ता' आणि 'दिवंगत', आणि छपाईची घाई होती. त्यावरून अर्धा तास वाद झाला. मी म्हटलं, तिसरा रकाना करा. सरांनी माझी बाजू घेतली म्हणून तो झाला. पान ४२ वर बघा, 'अद्याप संपर्क नाही' असं लिहून तिचं एकटीचं नाव आहे. एका नावासाठी अख्खा रकाना म्हणजे जागेची उधळपट्टी, असं छापखानावाल्याचंही म्हणणं पडलं.

ती आठवत असलेल्यांनी जाण्याआधी माझ्याशी बोला. बदली कुठे झाली होती, भाऊ कितवीत होता, गावाकडचं आडनाव वेगळं होतं का, काहीही चालेल. मी दाराजवळच्या टेबलापाशी वही घेऊन बसते आहे. फोनही दाखवा हवं तर, गरम होणारे.

पानं वाढली आहेत असा निरोप दोनदा आलाय, आणि आचाऱ्याने तर "तयार" म्हणून केव्हाच कळवलंय. त्याला अधांतरी ठेवत नाही.